सड्यावरून फिरून येणारी सावली

मालकांनी माझ्या भाकरीला फूटपट्टी लावली त्या दिवशी मी ओळखलं, ह्या माणसाशी भांडण्यात अर्थ नाही. त्यांच्या मांगरात, म्हणजे घराला लागून असलेल्या खोपटात, राहायला येऊन मला आठवडाही झाला नव्हता. भाकरी ताटात पडली, तशी त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पट्टी काढली, आडवी धरली, उभी धरली आणि म्हणाले, "बाई, ही गोल नाही. इकडून अर्धा सेंटीमीटर जास्त आहे."

"पोटात गेल्यावर होते गोल," मी म्हटलं.

त्यांनी विचार केला. खरोखर केला. मग म्हणाले, "तसं काही होत नाही."

गाव त्यांना तोंडावर भाऊ म्हणायचं आणि पाठीमागे फूटपट्टी. मी मालक म्हणायची, कारण मांगर त्यांचा होता. भाडं मी देत नव्हते. त्यांच्या बायकोची, वहिनींची, डावी बाजू अर्धांगवायूने गेली होती. तिला उठवायचं, पुसायचं, दर दोन तासांनी कुशीवर करायचं आणि तिघांचं रांधायचं, हे माझं काम. मी लांज्याकडची, मूल ना बाळ, नवरा गेल्यावर दिरांना नकोशी झालेली. छप्पर मिळालं, मी राहिले. उपकार त्यांचे नाहीत आणि माझेही नाहीत.

मालक मुंबईत रेडिओच्या कारखान्यात जन्मभर होते. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा त्यांच्या सामानात सात रेडिओ, एक टीव्ही आणि पत्र्याच्या डब्यात मोजमापाच्या वह्या होत्या. विहिरीचं पाणी रोज किती उतरलं ते लिहायचे. एसटी किती मिनिटं उशिरा आली ते लिहायचे. 'अंदाजे' हा शब्द त्यांना चालत नसे. "अंदाजे म्हणजे उठून बघायचा कंटाळा," असं म्हणायचे.

मोजण्यापर्यंत ठीक होतं. पण मोजलेलं ते बोलून दाखवायचे. गुरवाच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. गावातला शिकलेला माणूस म्हणून ह्यांना बोलावलं. पोहे झाले, चहा झाला, सगळं जमल्यात होतं. गुरवाने हौसेने विचारलं, "काय भाऊ, कसा वाटला नवरामुलगा?"

"चांगला आहे," मालक म्हणाले, "पण आल्यापासून त्याने नऊ वेळा रस्त्याकडे बघितलं आणि मुलीकडे एकदा. त्याचं मन दुसरीकडे आहे."

लग्न मोडलं. वर्षाने कळलं की त्या मुलाचं खरंच दुसरीकडे होतं. त्याने काय होतं? गुरवाने मालकांशी बोलणं टाकलं ते टाकलंच. खरं ठरलेल्या माणसाला लोक लवकर माफ करत नाहीत.

स्वतःच्या बायकोलाही त्यांनी सोडलं नाही. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन जे सांगितलं ते त्यांनी घरी येऊन तिला जसंच्या तसं सांगितलं. तू आता उठणार नाहीस, आणखी एक झटका येईल, त्यात जाशील. मी तिथेच होते. मी हातातला तांब्या खाली ठेवला. वहिनी मात्र आढ्याकडे बघत म्हणाल्या, "बरं झालं, सांगितलंत. आता लोणचं घालायला नको."

आमच्या गावाच्या खाली खाडी आणि वर सडा. सडा म्हणजे नुसता उघडा कातळ, मैलभर पसरलेला. झाड नाही, आडोसा नाही, फक्त वारा. सड्याच्या कडेला गावच्या राखणदाराचा दगड आहे. राखणदार म्हणजे गाव सांभाळणारा. तो तिथे उभा राहून गावावर नजर ठेवतो असं सगळे मानतात. त्याला वर्षातून एकदा नारळ, कोंबडा आणि गाऱ्हाणं. दगडाला लागून जो कातळ आहे तो मालकांचा होता. त्यावर त्यांनी दोन वर्षं काठ्या रोवून, चिंध्या बांधून, वारा कुठून किती येतो ते लिहून ठेवलं होतं. का, ते विचारू नका. विचारलं असतं तर म्हणाले असते, "वारा आहे म्हणून."

मग पवनचक्क्यांची कंपनी आली. त्यांच्या साहेबाला ह्या वह्या बघून इतका आनंद झाला की त्याने मालकांना मिठी मारली. सड्यावर पाच चक्क्या उभ्या राहिल्या. तीन नंबरची मालकांच्या कातळावर, दगडापासून एकवीस पावलांवर. दगडाला कोणी हात लावला नाही. पण चक्कीचा खांब दगड आणि गाव ह्यांच्या बरोबर मधे आला.

ज्येष्ठात पाती फिरायला लागली. त्याच आठवड्यात टीव्हीत तो दिसायला लागला.

आता सगळ्यांच्या छपरावर डिशच्या तबकड्या आल्या, त्यामुळे कोणाला खरं वाटणार नाही. तेव्हा घराघरावर बांबूला बांधलेला अँटिना होता. बातम्या सांगणारी बाई समोर बसलेली, आणि तिच्या उजव्या बाजूला, बोटभर अंतरावर, तीच बाई पुन्हा. फिकी, राखेच्या रंगाची. नुसती असती तर चाललं असतं. पण ती मंद व्हायची, मग गडद व्हायची. मंद, गडद. झोपलेल्या माणसाची छाती हलते तशी. शेतीचा कार्यक्रम लावला की शेतकऱ्याच्या मागे दुसरा शेतकरी. देवाची मालिका लावली की देवाच्या मागे दुसरा देव. पुढचा हसला की मागचाही हसायचा, पण वहिनी म्हणायच्या, "बघ गो, मागच्याचं हसू डोळ्यांपर्यंत जात नाही." मी बघितलं. मला तसंच वाटलं. मी भित्री नाही, पण त्या दिवसापासून टीव्हीकडे पाठ करून मी तांदूळ निवडले नाहीत.

मालकांना मात्र आनंद झाला. ते पडद्याला नाक लावून पट्टीने मोजत बसले. दोन दिवसांनी त्यांनी वहिनींना समजावून सांगितलं. टीव्हीच्या मनोऱ्यावरून चित्राची लाट निघते ती सरळ आपल्या अँटिनाला येते. तीच लाट पुढे सड्यावर जाते, चक्कीवर आपटते आणि उलटी फिरून आपल्याकडे येते. ती उशिरा पोचते म्हणून चित्र बाजूला पडतं. पाती फिरतात म्हणून ते मंद-गडद होतं. पडद्यावर एक सेंटीमीटर म्हणजे वाटेत चारशे मीटरचा फेरा. "हिशोब केला मी. ही तीन नंबरची चक्की."

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे ही मागची बाई सड्यावर जाऊन येते."

"हो."

"तीन नंबरपर्यंत."

"हो."

"मग राखणदाराला भेटूनच येते की."

मालकांनी पट्टी खिशात ठेवली. 

गावात तर हाच विषय झाला. विहिरीवर बायका एकमेकींना विचारायच्या, "तुमच्याकडं कितीवर उभा हाय?" प्रत्येक घरात अंतर वेगळं. खाडीकडच्या घरांत चांगला चार बोटं लांब. वरच्या वाडीत दोन बोटं. आमचं घर सड्याच्या सगळ्यात जवळ, तिथे तर तो एका बोटावर, माणसाला चिकटून उभा. मालक सांगत फिरले की जे घर चक्कीच्या जवळ तिथे फेरा लहान, म्हणून अंतर लहान. लोकांनी ते ऐकलं आणि त्याचा आपल्यापुरता अर्थ लावला. ज्याचा अपराध मोठा, त्याच्या घरी तो जवळ.

शेवटी गुरवाने देवीला कौल लावला. देवीच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. विचारलं, राखणदाराची नजर अडवली म्हणून तो घरात येऊन बघतो आहे काय? उजवी कळी पडली. विचारलं, जागा दिली त्याच्यावर राग आहे काय? पुन्हा उजवी.

मालकांना वाळीत टाकलं. त्यांच्या दारात जायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, सुखाला नाही, दुःखालाही नाही. मी गावची नव्हते म्हणून माझ्यावर बंदी नव्हती. पण दुकानदार मिठाची पुडी माझ्या हातात न देता फळीवर ठेवायला लागला.

मालकांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांच्याकडे तसंही कोण येत होतं? वाटलं ते वहिनींना. ही बाई धडधाकट होती तेव्हा गावातल्या प्रत्येक मयताच्या घरी पहिली पेज हिने नेलेली. कोणाच्या घरी चूल पेटली नाही की हिचा टोप तिथे हजर. आता दारावरून माणसं जायची ती मान वळवून जायची आणि ही खाटेवरून त्यांच्या पाठी बघायची. एका दुपारी मला म्हणाल्या, "चार जण मिळतील ना गो मला उचलायला?"

"मिळतील की," मी म्हटलं. खोटं बोलायला मला काही लागत नाही.

पण त्यांनी नवऱ्यालाही विचारलं. मालक ओसरीवर रेडिओ उघडून बसले होते. त्यांनी बोटांवर मोजलं. "तीन," ते म्हणाले. "मी, लांज्याचा माझा भाचा आणि फार तर त्याचा शेजारी. तिघांत तिरडी उचलता येत नाही. हातगाडी बघावी लागेल."

वहिनींनी भिंतीकडे तोंड वळवलं. अर्ध्याच चेहऱ्याने रडणं मी त्या दिवशी बघितलं, पुन्हा बघायला नको. संध्याकाळी मी मालकांना म्हटलं, "तुमची पट्टी आता कुठे लावायची ती लावा, पण हिला माणसं मिळवून द्या. नाहीतर मी उद्याच्या एसटीने जाते."

मी गेले नसते. पण त्यांना खोटं ओळखता येत नसे.

दोन दिवस ते वहीत आकडे मांडत बसले. मग त्यांनी मला गावकराकडे पाठवलं. गावकर म्हणजे गावकीचा प्रमुख, त्याचा शब्द शेवटचा. निरोप असा होता, की शुक्रवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी तीन नंबरची पाती थांबवतो. देवळातला टीव्ही लावून सगळ्यांनी बघा. पाती थांबली की सावली जाईल. गेली तर बंदी उठवा.

गावकर अंगणात काथ्या वळत होता. "थांबवतो म्हणाले?"

"थांबवतो म्हणाले."

"स्वतः?"

"मला काय माहीत? निरोप सांगितला," मी म्हटलं.

त्याने काथ्या खाली ठेवला. "बगू," म्हणाला.

चक्क्यांवर घाटावरचा एक मेकॅनिक होता. त्याचा रेडिओ मालकांनी दुरुस्त करून दिला होता. त्याच्याशी त्यांनी घड्याळ जुळवून घेतलं. सात-दहाला थांबवायची, पाच मिनिटांनी पुन्हा सोडायची.

शुक्रवारी पाऊस उघडला होता, वारा मात्र सुटलेला. देवळाचा सभामंडप गच्च भरला. मालकांना आत पाऊल टाकायची मनाई, ते पायरीखाली चिखलात उभे. मी त्यांच्या शेजारी. तिथून टीव्ही सरळ दिसत होता. बातम्या सुरू झाल्या. पुढची बाई आणि मागची बाई. मंद, गडद. मंद, गडद. कोणी खोकत नव्हतं.

मालकांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं. "आता," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

आधी काही झालं नाही. मग मागच्या बाईचा श्वास सावकाश झाला. मंद व्हायला तिला वेळ लागायला लागला. गडद व्हायला आणखी वेळ. धाप लागलेला माणूस बसतो आणि निवत जातो तसं. मग एकदा ती गडद झाली आणि तशीच राहिली.

गेली नाही. उभी राहिली. पुढची बाई मान हलवत बोलत होती, आणि मागची तिच्या मागे अगदी स्वच्छ, न लुकलुकता, सगळ्या मंडपाकडे तोंड करून. इतके दिवस ती इतकी स्पष्ट कोणी बघितली नव्हती. 

"खांब," मालक माझ्याशेजारी पुटपुटले. "पाती थांबली, खांब कुठे जाणार? खांब उभा केला तेव्हाच सावली आली असणार, अँटिना हलला समजून मी तो फिरवत बसलो. खांबाचा विचारच केला नाही मी."

मंडपात एका म्हाताऱ्याने हात जोडले. मग दुसऱ्याने. गुरव सगळ्यात पुढे बसला होता, त्याने कपाळ फरशीला टेकलं. गावकर उठून पायरीपाशी आला. त्याचा आवाज बसला होता.

"भाऊ, तुमी सांगितलंत आणि तो उभा राहिला?"

मालकांनी श्वास घेतला. आता ते काय बोलणार ते मला पाठ होतं. खांब, लाट, चारशे मीटर. मी त्यांचं कोपर धरलं आणि नख रुतेल इतकं दाबलं. "गप," मी म्हटलं. "तिच्यासाठी गप."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग गावकराकडे. मग तोंड मिटलं.

एवढंच. एक शब्दही ते खोटं बोलले नाहीत. पाच मिनिटं झाली, सड्यावर पाती सुटली, मागची बाई पुन्हा श्वास घ्यायला लागली आणि मंडपातून एकदम हुंदका आल्यासारखा आवाज निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावकर नारळ घेऊन दारात आला. बंदी उठली. त्याच्या मागून बायका आल्या. एकीने घावणे आणले, एकीने वहिनींचे केस विंचरले, कोणी कोणाची सून कशी, कोणाचं काय चाललंय ते सांगितलं. वहिनी दीड महिना जगल्या, आणि त्या दीड महिन्यात त्यांच्या खाटेशेजारची जागा रिकामी राहिली नाही. ओसरीवर पुरुष मालकांपुढे सुपारी ठेवून विचारायचे, आमची म्हैस आटली, तुमी त्याला जरा सांगा. मालक म्हणायचे, "मला त्यातलं काही कळत नाही." लोकांना तो त्यांचा मोठेपणा वाटायचा. कोणी तीन नंबरच्या खांबाला शेंदूर लावला. मालकांच्या शेजारी टेकून मात्र कोणी बसेना. जरा लांब बसायचे, मधे एक हात जागा सोडून.

त्या काळात मालकांनी वहीत काही लिहिलं नाही. वहिनींच्या खोलीतला टीव्ही ते आवाज बंद करून बघत बसायचे. मोजायचे नाहीत. नुसते बघायचे.

श्रावणात वहिनी गेल्या. गावातलं एक घर मागे राहिलं नाही. तिरडीला हात लावायला माणसं एकमेकांना बाजूला सारत होती. चढावर खांदा बदलायचा झाला तर पुढे दहा जण. पहिली पेज गुरवाच्या घरून आली. आणली कोणी, तर त्याच मुलीने, जिचं लग्न मोडलं होतं. मी ती पेज मालकांपुढे ठेवली. त्यांनी बोट लावलं नाही.

तेरावं झालं. चौदाव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी धुतलेला सदरा घातला आणि मला म्हणाले, "बाई, देवळात येता का? मला साक्षीला कोणीतरी हवं."

 "कशाला उकरून काढता? तिची सोय झाली ना?"

"म्हणूनच," ते म्हणाले.

मंडपात पंधरा-वीस पुरुष बातम्यांची वाट बघत बसले होते. टीव्ही अजून बंद होता. मालक पायरी चढून मधे उभे राहिले. "मला एक सांगायचं आहे," ते म्हणाले. "त्या दिवशी राखणदार थांबला नाही. मेकॅनिकने यंत्र थांबवलं. मी त्याला वेळ दिली होती. सावली खांबाची होती. तुम्ही मला विचारलंत तेव्हा मी गप्प राहिलो, ती फसवणूक होती."

 गावकराने विडी विझवली.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "मेकॅनिक माझ्या मेव्हण्याकडं जेवतो. दुसऱ्याच दिवशी सांगितलंन त्यानं."

मालक त्याच्याकडे वळले. "मग? मग तुम्ही नारळ कशाला आणलात?"

"कौल देवीचा. तो आमच्यानं मोडवत नाय. तुमी गप ऱ्हायलात, आमाला वाट मिळाली. वहिनीला खांदा दिला. आता तुमी असं बोललात तर आमी काय करायचं? परत वाळीत टाकायचं तुमाला? एकट्या माणसाला?" तो जवळ आला. "घरी जावा. तुमी काय बोलला नाय."

"मी बोललो."

"हळू बोललात. आमाला ऐकू आलं नाय."

"मग मोठ्याने बोलतो," मालक म्हणाले आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. राखणदार थांबला नाही. मेकॅनिकने यंत्र थांबवलं.

गावकराने गुरवाकडे बघितलं. गुरव उठला, त्याने टीव्ही लावला आणि आवाज पार शेवटपर्यंत फिरवला. बातमी देवळाच्या भिंतींवर आपटायला लागली. सगळ्या माणसांनी मालकांकडे पाठ केली आणि माना वर करून पडद्याकडे बघत बसली. तिथे एक माणूस बोलत होता आणि त्याच्या मागे दुसरा. मालक ओरडत होते. त्यांच्या मानेच्या शिरा फुगलेल्या मला दिसत होत्या, तोंड उघडताना-मिटताना दिसत होतं, पण मी चार हातांवर उभी असून एक अक्षर मला धड कळत नव्हतं. एकाही माणसाने मान वळवली नाही. बातम्या संपेपर्यंत ते ओरडले.

पुढे गावाने त्यांना काही कमी केलं नाही. प्रत्येक लग्नाचं बोलावणं आलं, प्रत्येक जेवणात मानाचं पान मिळालं. ते बोलायला लागले की लोक प्रेमाने मान हलवायचे आणि दुसऱ्याशी बोलायला लागायचे.

पण त्या संध्याकाळचं राहिलं. आम्ही घरी आलो. अंगणात त्यांनी मला थांबवलं. आवाज पार बसला होता. "बाई, तुम्ही होतात तिथे. मी काय म्हणालो ते तुम्ही ऐकलंत ना?"

मी विचार केला. माझ्या हो म्हणण्याने उद्या सगळं गावकीपुढे पुन्हा जाईल. हा माणूस आता एकटा आहे. कधीतरी ह्यालाही उचलावं लागेल.

"नाही," मी म्हटलं. "टीव्हीचा आवाज मोठा होता. मला काही ऐकू आलं नाही."

ते बघत राहिले. माझ्याकडे नाही. माझ्या डाव्या खांद्याच्या पलीकडे, बोटभर अंतरावर, जिथे कोणी नव्हतं तिथे. मग त्यांनी तिकडेच बघून मान हलवली, कोणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी, आणि ते आत गेले.